उकळायची राहिलेली बरणी

मी बरणी बोलतेय. हसू नका. मला तोंड आहे, गळा आहे, ऐसपैस पोट आहे. बोलायला आणखी काय लागतं? आजवर गप्प होते ती कुणी विचारलं नाही म्हणून.

मी जाड काचेची, अडीच लिटरची. माझं बूचही काचेचंच, घासून बसवलेलं, दुसऱ्या कुठल्याही बरणीला न बसणारं. भट्टीतून निघाले तेव्हा कारागिराने मला उजेडासमोर धरलं. खांद्यात एक बुडबुडा राहिला होता. तो त्याला दिसला, तरी "चालेल" म्हणाला आणि मला पेंढ्यात गुंडाळून मोकळा झाला. त्या दिवसापासून 'चालेल' या शब्दाचा मला मनस्वी राग आहे.

पहिली आठ वर्षं मी एका औषधवाल्याच्या फळीवर काढली. पोटात खोकल्याचं औषध, आणि शेजारी ब्रँडीची बाटली. अहो, औषध म्हणून विकायचे, थेंबाथेंबाने! पण वास तो वासच. आठ वर्षांची शेजारीण होती ती माझी, तिचा वास मला पाठ झाला. हे लक्षात ठेवा.

दुकान विकताना औषधवाल्याने मला बाईंच्या हवाली केलं. तो बाईंच्याच मेथडिस्ट मंडळीतला, म्हणजे एकाच चर्चचा. बाई तेव्हा जेमतेम बत्तीस वर्षांच्या, पण सगळी मंडळी त्यांना बाईच म्हणायची. वर्षभरापूर्वीच त्यांचा नवरा गेला होता. संध्याकाळच्या प्रार्थनेहून सायकलवर घरी येत होता, आणि दारू प्यायलेल्या ट्रकवाल्याने त्याला उडवलं. पदरात दोन मुलं: नऊ वर्षांचा थोरला आणि चार वर्षांची धाकटी.

बाई रडत बसल्या नाहीत. शाळेत शिवण शिकवायची नोकरी धरली, आणि सुटीच्या दिवशी दारोदार जाऊन लोकांकडून शपथेच्या कागदावर सह्या घेऊ लागल्या: मी दारूला शिवणार नाही. पोरंटोरं मागून "शपथबाई, शपथबाई" म्हणून चिडवायची. बाई वळून म्हणायच्या, "सही करतोस का रे?" की पळाली सगळी.

दारूचं दुकान रस्त्याच्या डाव्या बाजूला असलं, तर बाई उजव्या बाजूने जायच्या. त्यांच्या माहेरीही तीन पिढ्या कुणी थेंब चाखला नव्हता. दारूचा वास कसा असतो, हेच या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

माझं काम प्रभुभोजनाचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून मंडळीला भाकर आणि द्राक्षरस देतात, आणि मेथडिस्टांकडे तो रस आंबलेला मुळीच चालत नाही. तो बाई करायच्या. काळी द्राक्षं धुवायच्या, फुटेपर्यंत शिजवायच्या, फडक्यातून गाळायच्या, गाळलेला रस पुन्हा उकळायच्या. मला कोमट पाण्यात बसवून ते पाणी हळूहळू उकळीला आणायच्या, तळाशी फडकं घालून, म्हणजे मी तडकू नये. मग गरम रस काठोकाठ, वर बूच, बुचाभोवती मेण. "बरणी नीट उकळली नाही तर रस आंबतो," धाकटीला शिकवताना त्या म्हणायच्या, "आणि आंबला की त्याची दारूच झाली. प्रभूच्या मेजावर मग काय ठेवायचं?" अडतीस वर्षांत माझ्या पोटात रस एकदाही बिघडला नाही.

दर गुरुवारी शाळा सुटली की पुढच्या खोलीत बाईंचा वर्ग भरायचा. वर्ग म्हणजे शाळेचा नव्हे. मंडळीतले दहा-बारा जण आणि त्यांची पुढारी बाई. गीत व्हायचं, प्रार्थना व्हायची, आणि मग बाई वेताच्या खुर्चीतून एकेकाला विचारायच्या, "तुझ्या जिवाचं कसं चाललंय?" ज्याने त्याने मनातलं सांगायचं. कुणी रागाचं सांगे, कुणी सासूशी भांडल्याचं. स्वयंपाकघराच्या फळीवरून मला सगळं ऐकू यायचं.

थोरला मोठा होऊन लाकडी सामानाला पॉलिश करायला लागला. लग्न केलं नाही, कारखान्यामागच्या खोलीत राहायचा, पण गुरुवारी न चुकता यायचा. त्याची पाळी आली की म्हणायचा, "बरं चाललंय." दर गुरुवारी तेच. बाई पुढच्या माणसाकडे वळायच्या.

बरं कसलं चाललंय! वर्गाआधी पाणी प्यायला तो स्वयंपाकघरात आला की माझ्या अंगावर त्याचा श्वास यायचा. माझी जुनी शेजारीण मी ओळखणार नाही होय? पण सांगणार कुणाला?

एकदा बाईंनाच काहीतरी वेगळा वास जाणवला. "हे काय रे, कसला वास?" थोरल्याने बाही हुंगली. मग हसला. "स्पिरिटचा, आई. पॉलिशमध्ये असतं ना." बाईंनी बायबल, म्हणजे त्यांचं पवित्र शास्त्र, पुढे केलं, आणि त्याने त्यावर हात ठेवला. विषय संपला. बाईंच्या दृष्टीने कायमचा संपला.

त्याच वर्गात एक घड्याळजी होता. पुढच्या गुरुवारी त्याची पाळी आली, तेव्हा तो चाचरत म्हणाला, "बाई, थोरल्याला मी दोनदा त्या दुकानातून बाहेर पडताना पाहिलं. चहाडी करत नाही. आपण सगळ्यांनी मिळून त्याला हात देऊ."

बाई ताडकन उठल्या. "माझ्या मुलाने शास्त्रावर हात ठेवून सांगितलंय. तुमची जीभ खोटी आहे. माझ्या वर्गात तुम्हाला जागा नाही."

बारा माणसांसमोर! घड्याळजीने थोरल्याकडे पाहिलं. थोरला जमिनीकडे बघत होता. घड्याळजीने छत्री उचलली आणि तो गेला. नऊ वर्षं तो ना वर्गाला आला, ना चर्चला. गावभर त्याला चहाडखोर ही पदवी मिळाली ती वेगळीच.

यानंतर पाच वर्षांनी थोरल्याच्या श्वासातला तो वास गेला. गुरुवारी तो लवकर यायचा, पाण्याचे पेले रिचवायचा. आणि माझ्यासमोर उभा राहून हळूच म्हणायचा, "आई, मला तुला काही सांगायचंय." मग मान हलवायचा, पेला विसळायचा आणि बाहेर जाऊन म्हणायचा, "बरं चाललंय." बिचाऱ्याची पंचाईत बघा. सोडली म्हणून सांगायचं, तर आधी घेत होतो म्हणून सांगावं लागतं. चार वर्षं तो एकटाच झुंजत होता, आणि त्याला शाबासकी द्यायला होतं कोण, तर मी, बिनहाताची.

मग बाईंच्या हृदयाने दगा दिला. सत्तरीला आल्या होत्या. डॉक्टरांनी अंथरुणातून उठायची मनाई केली. शाळेत मास्तरीण असलेली धाकटी सेवेला होतीच. महिना संपत आला तसं बाईंनी तिला बजावलं, "या वेळी रस तू कर."

तो मंगळवार मी जन्मात विसरणार नाही. रस दोनदा उकळून तयार होता, माझं पाणी तापायला ठेवायचं बाकी होतं. इतक्यात आतून बाईंचा घुसमटलेला आवाज आला. धाकटी पळाली, आतून बाहेर आली, डॉक्टरांकडे धावली. दोन तासांनी परतली तेव्हा रस गार झाला होता. तिने मला नुसतं विसळलं, त्यात तो ओतला, बूच लावलं, मेण लावलं. आणि स्वतःशीच पुटपुटली, "चालेल."

ऐकलंत? चालेल!

आतून बाईंनी क्षीण आवाजात विचारलं, "बरणी उकळलीस ना ग?"

"हो, आई. तू झोप बघू."

आईच्या जिवाला घोर नको, एवढंच तिच्या मनात होतं. मी समजू शकते. पण तिसऱ्या दिवशी माझ्या पोटात गडबड सुरू झाली. आधी बारीक बुडबुडे, मग फेस. उन्हाळा मी म्हणत होता. पाचव्या दिवशी बूच आतून ढकललं जायला लागलं. मेणाला केसाएवढी भेग पडली आणि तिच्यातून माझी जुनी शेजारीण डोकावली. माझ्या पोटात दारू झाली होती! अडतीस वर्षं जपलेलं नाव मातीत, आणि तोंडातून ब्र काढायची सोय नाही. धाकटी दिवसातून दहा वेळा माझ्यासमोरून जायची. एकदा थांबली, हुंगलं आणि म्हणाली, "अगबाई, किती गोड वास येतोय!"

दहा दिवसांनी, शुक्रवारी, डॉक्टर म्हणाले की आता तासांचा हिशेब आहे. बाईंनी प्रभुभोजन मागितलं. दुपारी तीनला पाळकसाहेब आले. तरुण, सज्जन, लहानपणापासून मंडळीतच वाढलेले. थोरला कामावरून तसाच धावत आला होता, नखांत पॉलिशचा रंग. धाकटीने पलंगाशेजारी तिवई मांडली, पांढरं कापड घातलं, भाकर ठेवली, चार छोटे पेले ठेवले. आणि मला उचललं.

माझे हात-पाय असते तर गळून गेले असते हो.

बूच तिला निघेना. पाळकसाहेबांनी जोर केला आणि 'फट्' करून ते उडालंच. फेस माझ्या गळ्यापर्यंत चढला.

"वा!" पाळकसाहेब कौतुकाने म्हणाले. "काय ताजा रस आहे! उसळतोय बघा."

"इकडे आणा," बाई म्हणाल्या. पाळकसाहेबांनी मला बाईंच्या नाकाशी धरलं. त्यांनी डोळे मिटून हुंगलं. "द्राक्षं जरा जास्त पिकलेली घेतलीस ग," त्या धाकटीला म्हणाल्या. "असू दे."

खोलीत चार माणसं, आणि चौथ्याला तो वास मिळाला. थोरल्याचा चेहरा पांढराफटक पडला. चार वर्षांनी तो वास त्याच्यापासून हातभर अंतरावर आला होता. पाळकसाहेब पेले भरायला लागले. बाईंचा पेला. धाकटीचा. आणि थोरल्याचाही.

त्याच्यापुढे काय होतं ते बघा. गप्प राहावं, तर जिने आयुष्यभर थेंबाला स्पर्श केला नाही, ती आई शेवटच्या घटकेला दारू पिऊन जाणार, आणि यालाही तो पेला ओठाला लावावा लागणार. तो थेंब पोटात गेल्यावर पुढे काय, हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक? बरं, बोलावं, तर हा वास तुला कसा कळला, असं आई विचारणार.

"मी धरतो, साहेब," थोरला म्हणाला आणि त्याने मला त्यांच्या हातातून घेतलं. त्याची बोटं माझ्या गळ्याभोवती घट्ट आवळली होती, तळवा घामाने ओला. खाली फरशी होती. त्याच्या मनात काय आहे ते मला लख्ख कळलं. सुटली हातातून, फुटली, तिवईला धक्का लागला, पेले सांडले, माफ करा. कुणाला काही कळणार नाही. फोड बाबा, मी मनात म्हटलं. अडतीस वर्षं खूप झाली. फोड आणि सूट.

त्याची बोटं सैल झाली. मी खरंच निसटले, चार बोटं खाली आले. आणि त्याने मला पुन्हा पकडलं.

"साहेब, थांबा," तो म्हणाला. "हा रस आंबलाय. ही दारू आहे."

धाकटीने तोंडावर हात दाबला. पाळकसाहेब पेल्याकडे बघतच राहिले. मग धाकटीच सावरून म्हणाली, "नाही रे दादा. तुला दिवसरात्र त्या स्पिरिटची सवय, म्हणून तसं वाटतंय."

झालं! सुटकेची वाट तिनेच उघडून दिली. तेच जुनं स्पिरिट. नुसतं "असेल बुवा" म्हणायचं होतं.

"नाही ग," थोरला म्हणाला. "स्पिरिट नाही. तेव्हाही स्पिरिट नव्हतं, आई."

बाईंनी डोळे मिटले. छातीवरची चादर हलते की नाही, तेही दिसेना. धाकटी रडत म्हणाली, "चूक माझी आहे. बरणी मी उकळलीच नव्हती. तुला खोटं सांगितलं." भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती, आणि माझ्या पोटात फेस चरचरत होता.

मग बाईंनी डोळे उघडले. थोरल्याकडे पाहिलं नाही, तोंड भिंतीकडे वळवलं. "घड्याळजीला बोलवा," त्या म्हणाल्या.

"बाई, वेळ थोडा आहे," पाळकसाहेब गडबडले. "आधी भाकर तरी घ्या."

"ज्याला मी चारचौघांत खोटा ठरवलं, तो दाराबाहेर असताना मी मेजाशी कशी बसू?" दोन शब्दांमागे एक श्वास घेत बाई बोलत होत्या. "तू जा," त्या म्हणाल्या. तोंड भिंतीकडेच होतं, पण ते कुणाला, हे थोरल्याला कळलं. तो चपला न घालताच धावला.

इकडे धाकटीने माझ्या पोटातली घाण मोरीत ओतली. द्राक्षं कुठून आणणार? तिने मनुका पाण्यात टाकल्या, शिजवल्या, कुस्करल्या, गाळल्या. आणि या खेपेला मला उकळलं. पण घाईत सरळ खळखळत्या पाण्यात बसवलं, गारच्या गार. माझ्या गळ्यात कट् झालं. एक चीर गेली, काठापासून खांद्यातल्या त्या बुडबुड्यापर्यंत. मी दात आवळून स्वतःला धरून ठेवलं. आज फुटून चालणार नव्हतं.

पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. पाळकसाहेब बाईंची नाडी धरून बसले होते आणि दर मिनिटाला दाराकडे बघत होते. बाईंचे ओठ निळसर दिसायला लागले. धाकटी रस निवावा म्हणून ताटलीने वारा घालत होती आणि रडत होती. चाळीस मिनिटं झाली, आणि दारात पावलं वाजली.

घड्याळजी आत आला. म्हातारा झाला होता. हातात तीच छत्री. मागे थोरला, धापा टाकत.

"तुम्ही खरं बोलला होतात," बाई म्हणाल्या. "मी तुमचं नाव घालवलं. मला क्षमा करा."

घड्याळजीने नाक शिंकरलं, चष्मा पुसला. "बाई," तो म्हणाला, "तुमचं घड्याळ नऊ वर्षं मागे पडलं होतं, एवढंच. लावलंत ना आज? मग झालं." बाईंना हसू आलं. हसता हसता ठसका लागला, आणि पाळकसाहेबांनी पुन्हा नाडी धरली.

श्वास परतल्यावर त्यांनी उशीवर मान वळवली आणि पहिल्यांदा थोरल्याकडे पाहिलं. "तुझ्या जिवाचं कसं चाललंय?"

थोरला पलंगापाशी गुडघ्यांवर बसला. "सोडून चार वर्षं झाली, आई. रोज अवघड जातं. आत्ता तर फार अवघड गेलं."

"चार वर्षं एकटाच?"

"हो."

"आणि मला दर गुरुवारी 'बरं चाललंय' म्हणायचास." बाईंच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. "आणि मी लगेच पुढच्याला विचारायची. थांबायला हवं होतं रे मी. चुकलं माझं." त्यांचा हात त्याच्या केसांत गेला आणि तिथेच राहिला.

मनुकांचा रस अजून कोमट होता. पाळकसाहेबांनी चमच्याने बाईंना पाजला, मग एकेक पेला सगळ्यांना दिला, घड्याळजीलाही. थोरल्याने त्याचा पेला आधी हुंगला. सगळ्यांनी पाहिलं, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

रविवारी सकाळी धाकटी केस विंचरत असताना बाई गेल्या.

याला सहा वर्षं झाली. त्या चिरेमुळे मला आता उकळतं पाणी सोसत नाही. रसाचं काम नव्या बरणीकडे गेलं. तिलाही धाकटीच उकळते, घड्याळ लावून, दोनदा. मला टाकून द्यावं असं पाळकसाहेबांनी सुचवलं होतं, पण थोरल्याने ऐकलं नाही. पुढच्या खोलीत, वेताच्या खुर्चीशेजारच्या खिडकीत त्याने मला ठेवलंय, रिकामी. खुर्चीत आता तोच बसतो. गुरुवारी वर्ग भरतो, शेजारच्या खुर्चीला घड्याळजीची छत्री टांगलेली असते.

माझं एकच मागणं आहे, आणि ते फार नाही. बरणी उकळली का, असं कुणी विचारलं आणि उकळली नसेल, तर नाही म्हणा. आणि घरातल्या कुणाला कसं चाललंय म्हणून विचाराल, तेव्हा लगेच दुसरीकडे वळू नका.

थोरला वळत नाही. कुणी "बरं चाललंय" म्हणालं, तरी तो पुढच्याला विचारत नाही. पाण्याचा एक घोट घेतो आणि नुसता त्या माणसाकडे बघत थांबतो. कधी कधी फार वेळ जातो. मीही त्याच्याबरोबर थांबते.